आधी मॅच कुठं दिसते ते बघा, टीव्ही नंतर घ्या

ह्या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त फुटबॉलवाले निघाले, म्हणून मिक्सरचा आवाज आणि गीझरच्या बिलाचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. क्रिकेटवाल्यांनी रुसू नये, इथलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या घरात मी, मिसेस, आई आणि दोन मुलं. मोठा इंजिनिअरिंगला आहे, त्याला प्रीमियर लीगचं वेड, धाकट्याला रियल माद्रिदशिवाय जगात काही दिसत नाही, आणि मी आपला चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या शेवटच्या मॅच बघतो. आईला संध्याकाळी मराठी सिरियल लागतात. सध्या केबल आहे. मोठा म्हणतो केबल काढून फायबर घ्या, शेजारचे म्हणतात डिश लावा, नव्या पेठेतला दुकानदार म्हणतो साहेब आधी टीव्ही बदला. काय करू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, दुकानदाराचं सगळ्यात शेवटी ऐका. फुटबॉलमध्ये भानगड अशी आहे की प्रत्येक स्पर्धेचे हक्क वेगळ्या कंपनीकडं असतात आणि ते दर काही वर्षांनी इकडून तिकडं जातात, त्यामुळं "फुटबॉल दिसतो का हो?" असं विचारलं की केबलवाला पण हो म्हणतो, डिशवाला पण हो म्हणतो, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. विचारायचं ते स्पर्धेचं नाव घेऊन.

तुमच्या घरात तिघांचे तीन मालक आहेत. प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची, जिओस्टारकडं, म्हणजे टीव्हीवर स्टार स्पोर्ट्स सिलेक्ट आणि अ‍ॅपमध्ये जिओहॉटस्टार, हा करार २०२७-२८ च्या सीझनपर्यंत आहे. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची, सोनीकडं, २०२६-२७ पर्यंत, चॅनेलवर आणि सोनी लिव्हवर. आणि धाकट्याची ला लिगा, म्हणजे रियल माद्रिद खेळते ती स्पेनची लीग, फॅनकोडवर, ते नुसतं अ‍ॅप आहे, त्यामुळं डिश लावा नाहीतर केबलवाल्याला सगळ्यात महागडं पॅकेज मागा, रियल माद्रिदची लीगमधली मॅच त्यावर येणार नाही. म्हणजे इंटरनेट तुम्हाला घ्यावंच लागतंय, वाद फक्त एवढाच राहिला की इंटरनेटच्या जोडीला केबल ठेवायची का डिश.

माझं मत विचाराल तर केबल राहू द्या, पण बारीक करा. आईंना तो रिमोट सवयीचा आहे, रात्री आठला चॅनेल लावायला नातवाची वाट बघायला लागू नये. केबलवाल्याला सांगून स्पोर्ट्सचा बुके, म्हणजे चॅनेलचा गठ्ठा, काढून टाका आणि मराठीचं पॅक तेवढं ठेवा. चॅनेल सुटे घेता येतात, तो तुमचा हक्क आहे, २०१९ पासूनचा नियम आहे, "असं सुटं देत नाही ओ आम्ही" म्हणाला तर ट्रायचं, म्हणजे केबल-डिशचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचं, नाव काढा, मग देतो. बिलात चॅनेलच्या किमतीशिवाय नेटवर्क कपॅसिटी फी नावाची एक ओळ असते, ती पूर्वी २०० चॅनेलपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये अधिक जीएसटी अशी बांधलेली होती, जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ते बंधन काढलं, म्हणून आता प्रत्येकाचा आकडा वेगळा असू शकतो, तो वेगळा विचारून घ्या, नुसतं "महिन्याला किती" विचारू नका.

फुटबॉल सगळा अ‍ॅपवर न्या. मोठ्याचा पण त्यात फायदा आहे, कारण शनिवारी एकाच टायमाला चार-पाच मॅच चालू असतात आणि चॅनेल मोजकेच, ते दाखवतील ती मॅच बघायची, अ‍ॅपमध्ये आपली आपण निवडता येते. पण सबस्क्रिप्शन घेताना दोन गोष्टी बघा. एक, मोबाईल प्लॅन असेल तर तो मोबाईलवरच चालतो, टीव्हीवर नाही, आणि रिचार्जबरोबर फुकट मिळालेलं सबस्क्रिप्शन बहुतेक वेळा तसलंच असतं. दोन, एका टायमाला किती स्क्रीनवर चालतं. घरात दोन पोरं आणि एक बाप असला की हा आकडा दरापेक्षा महत्त्वाचा. आणि वर्षाचं पॅक लगेच घेऊ नका. युरोपातल्या लीग ऑगस्ट ते मे चालतात, जून-जुलै रिकामे जातात, महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं पॅक वर्षाला कितीला पडतं ते ह्या हिशोबानं बघा. सोनी लिव्ह तर तुम्हाला फेब्रुवारीच्या बाद फेरीपासून मे अखेरीपर्यंतच लागणार आहे.

टीव्ही चालू आहे ना? एचडीएमआयचं भोक आहे ना मागं? मग एक स्ट्रीमिंग स्टिक घ्या आणि गप बसा. फक्त स्टिकला टीव्हीच्या यूएसबीतून करंट देऊ नका, बऱ्याच जुन्या टीव्हीत तेवढी ताकद नसते आणि मॅचच्या मध्येच ती रिस्टार्ट होत बसते, तिच्यासोबत आलेलं अ‍ॅडाप्टरच वापरा.

प्रश्न : आमचा भाग कारखान्यांचा आहे, दिवसभर लूम चालू. व्होल्टेज खाली-वर होतं, लाईट जाते. वायफाय घेतलं तरी लाईट गेली की मॅच गेली. त्यापेक्षा डिशच बरी ना? आणि गच्चीवर शेजारच्यांचा कडुलिंब आहे, त्याचा त्रास होईल का?
— साखर पेठेतून

उत्तर : जिल्ह्यात एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आणि आपण मेणबत्ती शोधतोय, हे दुखणं सगळ्यांचंच आहे. पण लाईट गेल्यावर डिशचा डबा (सेट-टॉप बॉक्स) आणि टीव्ही पण बंदच होणार की. इन्व्हर्टर असेल तर दोन्ही चालतील. राऊटर तर फारच कमी वीज खातो, त्याला बारा व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो, राऊटरच्या अ‍ॅडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेलं असतं ते जुळवून घ्या म्हणजे झालं.

खरी अडचण दुसरीकडं असते. तुमच्या गल्लीत जो इंटरनेटवाला आहे त्याची फायबर थेट तुमच्या घरात येते, की कुणाच्या तरी गच्चीवरच्या किंवा खांबावरच्या डब्यापर्यंत फायबर आणि तिथून पुढं साधी लॅनची वायर, हे विचारा. दुसऱ्या प्रकारात त्या डब्याला पण लाईट लागते, ती गल्लीबरोबर जाते, मग तुमच्याकडं कितीही मोठा इन्व्हर्टर असू द्या. थेट घरात फायबर येत असेल तर मधे वीज लागणारं सहसा काही नसतं.

व्होल्टेजचं म्हणाल तर हल्लीच्या एलईडी टीव्हीच्या पाठीमागं बघा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळं व्होल्टेज कमी झालं म्हणून त्याला काही होत नाही आणि वेगळा स्टॅबिलायझर विकायला आला तर घेऊ नका. टीव्ही मरतो तो व्होल्टेज एकदम वाढल्यानं. खांबावर न्यूट्रल तुटला की घरातल्या सिंगल फेजला ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं, आणि मग टीव्ही, डबा, राऊटर, फ्रिज सगळं एका फटक्यात. त्यासाठी जास्त व्होल्टेजला आपोआप तोडणारं संरक्षण मीटरजवळ बसवून मिळतं, चांगल्या वायरमनला सांगा, आणि अर्थिंग खरंच आहे का नुसतं बोर्डाला तिसरं भोक आहे तेही तपासायला लावा. वळवाचा पाऊस कडाडायला लागला की प्लग काढायचा, आणि डिश असेल तर डब्यातली डिशची वायर पण काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता कडुलिंब. डिशवाल्यांचे उपग्रह सोलापुरातून बघितलं तर सगळे दक्षिण ते पूर्व ह्या पट्ट्यात येतात. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे (हे अंश होकायंत्रातले नव्हेत), तो जवळजवळ दक्षिणेला, थोडा पूर्वेकडं झुकून आणि चांगला उंच. डिश टीव्ही आणि डीडी फ्री डिशचे ९५ आणि ९३.५ अंशावर, म्हणजे आग्नेयेला. एअरटेलचा १०८ वर, तो आणखी पूर्वेला आणि बराच खाली. म्हणून झाड उत्तरेला-पश्चिमेला असेल तर काही संबंधच नाही. पूर्वेला असेल तर टाटा प्ले बहुतेक सुटेल, एअरटेल अडकेल. गच्चीवर उभं राहून मोबाईलमधलं होकायंत्र लावून बघा, फुकटचं काम आहे. आणि कडुलिंबाला चैत्रात नवी पालवी फुटते, फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सिग्नल फुल्ल दाखवून गेलेला माणूस पुन्हा येणार नाही. शेजाऱ्यांच्या झाडाच्या फांद्या तोडायचा विचार तर करूच नका, भांडण मॅचपेक्षा जास्त चालेल.

पावसात डिश जाते हे खरं, कारण ह्या सिग्नलची लहर एवढी बारीक असते की जोराच्या पावसाचे थेंबच ती शोषून घेतात. आपल्याकडं पाऊस कमी, दहा-पंधरा मिनिटांत सिग्नल परत येतो. रिमझिम पावसात पण जात असेल तर दोष पावसाचा नाही, डिश हललीय किंवा वायरच्या जोडात पाणी गेलंय.

एकूण तुमच्यासाठी, ला लिगा बघत नसाल तर, एचडी डिश आणि इन्व्हर्टर हा पर्याय मला वाईट वाटत नाही.

प्रश्न : ५५ इंची फोरके घेतोय. दुकानात १२० हर्ट्झ, स्पोर्ट्स मोड, एआय असं काय काय सांगतात. किंमत लैच वाढते. फुटबॉलला लागतं का हे?
— होटगी रोड

उत्तर : अंतर सांगा की आधी. सोफ्यापासून भिंत सात फूट असेल तर ५५ छान, पाच-सहा फुटांच्या हॉलमध्ये ४३ पुरतो, त्याहून मोठा घेतला तर मान फिरवून कॉर्नर किक बघावी लागेल.

फोरकेचा भाव देताना हे लक्षात ठेवा की चॅनेलवर जे एचडी येतं ते १०८० ओळींच्या वर जात नाही. फोरके मॅच अ‍ॅपवर आणि ती पण निवडकच. पण ह्या मापात आता सगळे टीव्ही फोरकेच येतात, त्यामुळं पर्याय नाही, घ्याच. मग बघायचं काय तर एचडी चित्र हा टीव्ही मोठं करून कसं दाखवतो. दुकानात जो चकाचक व्हिडिओ लावलेला असतो, मोर आणि समुद्र आणि स्ट्रॉबेरी, तो बंद करायला सांगा आणि कुठलीही चालू मॅच लावायला सांगा, क्रिकेट असलं तरी चालेल, हिरवं मैदान आणि पळणारी माणसं पाहिजेत. कॅमेरा झपकन फिरला की गवत चिखलासारखं होतंय का बघा. एका बाजूला जाऊन उभं राहा आणि रंग उडतात का बघा, कारण फुटबॉल एकटा माणूस समोर बसून बघत नाही, चार मित्र दिवाणावर, एक जिन्यात, असा बघतात.

१२० हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला १२० वेळा बदलतं, ते खरंच पॅनेलमध्ये असेल तर बॉल फिरताना थोडा स्वच्छ दिसतो, पण खोक्यावर मोशन रेट, क्लिअर रेट असल्या नावानं मोठे आकडे छापलेले असतात ते पॅनेलचे नव्हेत. विचारताना "नेटिव्ह किती" असं विचारा. ६० वाला चांगल्या कंपनीचा घेतला तरी फुटबॉल व्यवस्थित दिसतो. स्पोर्ट्स मोड मी तर बंदच करते, गवत विषारी हिरवं होतं आणि खेळाडूंचे चेहरे लालभडक. स्टँडर्ड नाहीतर सिनेमा मोड ठेवा, ब्राइटनेस वाढवा, आणि मोशन स्मूदिंग (पळतं चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग) थोडंसं, दोन-तीनवर, कारण जास्त केलं की बॉलला शेपूट येतं.

३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, बिलावर तो आकडा बघून घ्या. पैसे वाचले तर साउंडबारला घाला. पातळ टीव्हीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा असतो आणि फुटबॉलची निम्मी मजा प्रेक्षकांच्या गोंगाटात असते.

आणि एक, हे लै घरात बघितलंय : एचडी डबा, एचडी चॅनेल, नवा टीव्ही, सगळं असून डबा जोडलाय लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरीनं! त्या वायरीतून एचडी येतच नाही. एचडीएमआय वायर लावा आणि डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन १०८० निवडा.

प्रश्न : आमच्याकडं अ‍ॅपवर मॅच, खालच्या मजल्यावर डिशवर. आमचा स्ट्रायकर अजून बॉल घेऊन पळतोय आणि खालून गोल म्हणून ओरडतात. नेटचा स्पीड १०० आहे तरी. उपाय सांगा.
— विजापूर रोड

उत्तर : स्पीड १००० केलात तरी खालचेच आधी ओरडणार. अ‍ॅपवर मॅच छोट्या छोट्या तुकड्यांत येते, टीव्ही काही तुकडे आधी साठवून मग दाखवायला लागतो म्हणजे मधे अडकू नये, त्यात वीस-तीस सेकंद सहज जातात, कधी त्याहून जास्त. उपग्रहावरून पण उशीर होतोच, पण थोडक्या सेकंदांचा. एचडी मॅचला ८-१० एमबीपीएस पुरतात आणि फोरकेला २५ च्या आसपास, त्यामुळं तुमचं १०० भरपूर आहे, वाढवू नका.

थोडा फरक पडेल असं एवढंच, मॅच सुरू व्हायच्या आधी अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, आणि मधे पॉज केलं असेल तर लाईव्हचं बटण दाबा. टीव्हीला लॅन वायर लावलीत तर अडकणं कमी होईल, टीव्हीचं लॅनचं भोक बहुतेक वेळा १०० चंच असतं पण तेवढं बास. वायर शक्य नसेल तर वायफायच्या दोन नावांतलं ५ गिगाहर्ट्झवालं निवडा, एकाच खोलीत राऊटर असेल तर. आणि मोबाईलवरचे स्कोअरचे नोटिफिकेशन बंद करा, ते खालच्यांच्याही आधी सांगतात. नाहीतर सरळ खाली जाऊन बसा, शेंगाचटणीचा डबा घेऊन.

प्रश्न : गावात फायबर नाही, मोबाईलला रेंज कधी असते कधी नसते. फ्री डिश आहे. वर्ल्डकप बघायला मिळतो का फुकट?
— मोहोळ तालुका

उत्तर : वर्ल्डकपचे हक्क दर वेळी नव्यानं विकले जातात, २०१८ ला सोनीवर होता, २०२२ ला स्पोर्ट्स१८ आणि जिओसिनेमावर फुकट, म्हणून मागच्या वेळी जिथं बघितला तिथंच पुढचा असेल हे धरून चालू नका. फ्री डिशवाल्यांसाठी २००७ चा एक कायदा आहे, त्यात राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून ठरवलेले सामने खासगी चॅनेलला प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावे लागतात. आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असा घेतलेला सामना दूरदर्शननं स्वतःच्या अँटेनावर आणि स्वतःच्या फ्री डिशवरच दाखवायचा, केबलवर आणि खासगी डीटीएचवर नाही. म्हणजे असा सामना असला की शहरात केबलवर डीडी स्पोर्ट्स लावणाऱ्याला तो दिसत नाही आणि तुम्हाला गावात दिसतो. फक्त हे निवडक सामन्यांचं आहे, सगळी स्पर्धा नाही. बाकी प्रीमियर लीग वगैरेसाठी खासगी डीटीएच लावा, डिश तुमच्याकडं बसवलेली आहेच म्हणून तीच चालेल असं समजू नका, दिशा बदलावी लागते आणि डबा त्या कंपनीचाच लागतो.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, रात्री दीड वाजता उठून हॉलमध्ये मॅच लावतो. सासूबाईंची झोप मोडते. टीव्हीला हेडफोन लागतो का? की टीव्हीच बंद करू?
— रेल्वे लाईन्स

उत्तर : वहिनी, बंद केलात तर तो पांघरुणात मोबाईलवर बघेल, वर डोळेही जातील. बहुतेक स्मार्ट टीव्हीला आणि स्टिकला ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो, सेटिंगमध्ये साउंड आउटपुट बघा. आवाज चित्राच्या किंचित मागं पडतो पण फुटबॉलला तो चालतो, कॉमेंट्री तर अशीही कुणी मन लावून ऐकत नाही. वायरवाला हेडफोन असेल तर तेवढा उशीर पण नाही, टीव्हीला ते भोक आहे का बघा.

दीड वाजता म्हणताय म्हणजे हिवाळ्यातली चॅम्पियन्स लीग. तिकडं रात्री नऊला सुरू होते, ती आपल्याकडं हिवाळ्यात दीडला आणि त्यांचं घड्याळ पुढं सरकलं की मार्चअखेरपासून साडेबाराला. ती मंगळवारी-बुधवारी असते, म्हणजे दुसऱ्या दिवशी कॉलेज. शनिवारची इंग्लंडमधली दुपारची मॅच मात्र आपल्याकडं साडेसात नाहीतर साडेआठला सुरू होते, तिच्यासाठी भांडू नका. मधल्या आठवड्याची मॅच सकाळी पूर्ण रिप्ले बघायची असं ठरवून बघा, अ‍ॅपवर असते, पण मग घरात कुणी त्याला स्कोअर सांगायचा नाही, सासूबाईंनी पण.

प्रश्न : एक जण वर्षाला थोडक्या पैशात सगळे स्पोर्ट्स चॅनेल देणारं अ‍ॅप टाकून देतो म्हणतोय. घेऊ का?
— नाव नको

उत्तर : नाव नको म्हणालात तिथंच उत्तर आलं की. ते चोरीचं प्रक्षेपण आहे, मोठ्या मॅचच्या दिवशीच बंद पडतं, आणि बाहेरून टाकलेलं अ‍ॅप तुमच्या टीव्हीतल्या जीमेलला, कधी सेव्ह केलेल्या कार्डाला हात घालू शकतं. पैसे घेतलेला माणूस त्या रात्री फोन उचलत नाही.